थकलेला फेज

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरायला लागली, तेव्हा मी सोडून घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. नवरा म्हणाला, "जुना झाला असेल." लॅपटॉप जुना नव्हता. वायर भिंतीतल्या बोर्डात होती, बटण चालू होतं, पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीच्या चित्रावर विजेची छोटी खूणही दिसत होती. म्हणजे लॅपटॉपच्या समजुतीप्रमाणे तो चार्ज होत होता. शेजारचा आकडा मात्र खाली खाली सरकत होता. नळ चालू ठेवूनही टाकी रिकामी होत जावी, तसं.

मी घरी बसून मिक्सर, गीझर, पाणी शुद्ध करायची यंत्रं यांच्या माहितीपुस्तिका मराठीत लिहिते. खोकं उघडलं की यंत्राच्या आधी हाताला लागतं आणि कुणीही वाचत नाही, ते पुस्तक. रोज सकाळी आमची व्हिडिओवर मीटिंग असते. त्या दिवसांत मी मीटिंगमध्ये बोलता बोलता वाक्याच्या मध्येच नाहीशी व्हायचे. सुरुवातीला लोक हसले. मग कसं कोण जाणे, त्यांचा असा समज झाला की कुणी माझ्या मजकुरावर हरकत घेतली की मी रागाने उठून जाते. आमच्या पुण्याच्या मॅडम एकदा फार हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर 'झाकण घट्ट लावावे' यातलं 'घट्ट' काढू या का?" मी "हो, काढा ना" म्हणेपर्यंत पडदा काळा झाला. 'घट्ट' तसाच छापला गेला.

माझे सासरे वीज खात्यातून निवृत्त झालेले. लाइनमन म्हणून लागले आणि निम्मी नोकरी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत खांबांवर चढण्यात गेली. घरात सगळे त्यांना पप्पा म्हणतात, मीही म्हणते. सासूबाई गेल्यापासून ते फार बोलत नसत. सकाळी विहारापर्यंत फेरी, मग पेपर, मग खिडकी. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचे, तेही शक्य तर मानेने.

एका सकाळी मी वैतागून लॅपटॉपवर हात आपटला, तर खिडकीतून आवाज आला.

"काय झालं त्याला?"

"चार्ज होत नाही, पप्पा. लावलाय, पण उतरतोय."

"सप्लाय येतोय का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?" पप्पा उठले. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतक्या झटकन उठताना बघितलं नव्हतं. माळ्यावरून त्यांनी ताडपत्रीची पिशवी काढायला लावली. तिच्यातून टेस्टर निघाला, पक्कड निघाली, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प निघाला आणि कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे निघाले. हातमोजे त्यांनी चढवले.

"पप्पा, लॅपटॉपला कशाला हातमोजे?"

"करंटला लहान म्हणायचं नसतं," ते म्हणाले. "लहान म्हटलं की तो दाखवतो."

त्यांची पद्धत अशी होती की फॉल्ट शोधायचा तर सप्लायकडून लोडकडे यायचं. डोंगरात लाइन बंद पडली की ते सबस्टेशनपासून निघायचे आणि एकेक खांब बघत शेवटच्या पाड्यापर्यंत जायचे. मध्ये उडी मारायची नाही. आमच्या घरात सबस्टेशन म्हणजे दाराशेजारचा मेन स्विच, आणि शेवटचा पाडा म्हणजे माझा लॅपटॉप. पप्पा मेन स्विचपाशी सुरू झाले. पहिला दिवस हॉलमध्येच गेला. प्रत्येक बोर्ड उघडायचा, आतली धूळ जुन्या ब्रशने झाडायची, स्क्रू आवळायचे, टेस्ट लॅम्प लावून बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "सप्लाय ओके." कुणाला म्हणत होते माहीत नाही. पण म्हणून झाल्यावर क्षणभर थांबायचे, जणू पलीकडच्या टेकडीवरून कुणी तरी "ओके" म्हणणार होतं. दुसऱ्या दिवसापासून मीच स्वयंपाकघरातून "ओके" म्हणायला लागले. त्यांना ते बरं वाटलं असावं, कारण आवाज वाढला.

मग त्यांनी घरातला लोड कमी करायला घेतला. आधी गीझर बंद, मग फ्रीज, मग पंखे. ऑक्टोबरचं ऊन तापत होतं. दूध मी सकाळ-संध्याकाळ उकळून ठेवत होते. नवरा सातपूरहून शिफ्ट करून घरी आला, अंधाऱ्या हॉलकडे बघून त्याने विचारलं, "लाइट गेली?"

"नाही," मी म्हटलं. "पप्पा आहेत."

असं सगळं घरदार उपाशी ठेवून एकट्या लॅपटॉपला वाढलं, तरी आकडा खालीच जात राहिला.

एका सकाळी ऐन मीटिंगच्या आधी पप्पांनी मेन स्विचच खाली ओढला. आतल्या वायरी बघायच्या होत्या. मी लॅपटॉप आणि चार्जर उचलला आणि समोरच्या मावशींचं दार वाजवलं.

या मावशी मूळच्या मखमलाबादकडच्या. मुलगा अजून तिकडे मळ्यातच राहतो, झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर लावतो आणि पहाटे मार्केटला नेतो. आईचे गुडघे गेले म्हणून त्याने तिला इथे लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आणून ठेवलं होतं. सोबतीला एक बाई दुपारी येऊन जायची. बाकी वेळ मावशी दारातल्या खुर्चीत बसून लिफ्टच्या वर-खाली होण्याकडे बघायच्या. मला दारात पाहून त्यांना एवढा आनंद झाला की मला लाज वाटली. समोरासमोर राहून मी वर्षातून दोनदाच आत गेले होते.

"मावशी, जरा चार्जिंगला लावू का?"

"लाव की. इचारायचं काय त्यात?"

मी लॅपटॉप लावला आणि उघडून बसले. मावशींनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं.

"हे चार्जिंग म्हंजे त्याचं खाणंच ना?"

"तसंच म्हणायचं."

"मंग खाताना त्याच्याकडून काम करून घेती? बैलाच्या तोंडात वैरण असताना आम्ही औत नाय जुंपलं कधी. मीट ते. मीट आधी."

मी म्हटलं माझी मीटिंग आहे. मावशींनी स्वतःच हात पुढे करून झाकण मिटलं आणि वर हात ठेवून बसल्या, लेकराला थोपटून निजवावं तशा. मग त्यांनी चहा टाकायला लावला, मळ्यातली मेथी निवडायला पुढे केली आणि सुनेच्या माहेरच्यांविषयी जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. मीटिंग बुडाली ती बुडालीच. तासाभराने झाकण उघडून बघते तर आकडा चांगला दणदणीत वर गेलेला.

घरी आले, बोर्डात वायर लावली, कामाला बसले. आकडा खाली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. मावशींनी दारातच झाकण मिटायला लावलं, पुन्हा चहा, पुन्हा मेथी, आणि लॅपटॉप पुन्हा तट्ट फुगल्यासारखा भरलेला. घरी आणला की उतरणं सुरू.

हे मी पप्पांना सांगितलं ते जेवताना. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आपल्या घरातला करंट खराब?"

"मी तसं नाही म्हणत, पप्पा."

"तू नाही म्हणत. लॅपटॉप म्हणतोय."

जेवण अर्धवट टाकून ते पिशवी घेऊन समोर गेले. मावशी म्हणाल्या, "रामराम भाऊ, या." पप्पा "नमस्कार" म्हणाले आणि थेट बोर्डापाशी गेले. टेस्ट लॅम्प लावला. बल्ब पेटला. ते डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले.

"तुमचा जास्त पेटतोय, बाई," ते शेवटी म्हणाले. आवाजात हार होती.

मावशी संकोचल्या. "आमी काय नाय केलं, भाऊ. हाय तसाच हाय."

पप्पांनी तोच लॅम्प आमच्याकडे आणून लावला. "बघ. पिवळा पडला." मला दोन्हीकडे सारखाच दिसत होता. पण ते इतक्या खात्रीने दाखवत होते की तिसऱ्यांदा इकडून तिकडे गेल्यावर मलाही आमचा जरा पिवळा दिसायला लागला.

दुपारी आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीपाशी गेलो. पप्पांनी मला समजावलं की बिल्डिंगला वीज तीन वायरींवरून येते, त्यांना लाल, पिवळा, निळा फेज म्हणतात आणि एकेक घर एकेका फेजवर असतं. आम्ही लाल फेजवर निघालो, मावशी निळ्या. पप्पांनी पेटीतल्या वायरींवरून लांबूनच नजर फिरवली, जशी आजारी माणसावरून फिरवतात.

"लाल फेजवर लोड फार आहे," ते म्हणाले. "थकलाय तो."

हे वाक्य आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर पडलं. ते गाडी पुसत होते. बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य, आणि कुठल्याही गोष्टीची दखल घेतल्याशिवाय न राहणारे गृहस्थ. फडकं तसंच गाडीवर टाकून ते जवळ आले.

"फेज थकतो?"

पप्पा म्हणाले, "माणूस थकतो, बैल थकतो, डोंगरातली लाइन तर मी रडताना ऐकली आहे." मला वाटलं ते गंमत करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून तसं दिसलं नाही.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: 'लाल फेज थकला असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधित रहिवाशांनी काळजी घ्यावी.' काळजी म्हणजे काय घ्यावी हे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापली घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या लक्षात आलं की महिनाभर त्यांचं इडलीचं पीठ फुगत नव्हतं. कुणाचा गीझर उशिरा तापत होता, कुणाचं नेट रडत होतं. चेअरमनसाहेबांना स्वतःला सकाळी उठल्यावर अंगात त्राण नसल्यासारखं वाटायचं. तेही लाल फेजवरच होते. इडलीचं पीठ विजेवर फुगत नाही, हे मी एकदा बोलून बघितलं. वहिनी म्हणाल्या, "मग इतके दिवस का फुगत होतं?"

आणि सगळे मावशींकडे यायला लागले.

आधी मोबाइल आले. मग दाढीचं मशीन आलं, हातात धरायचा पंखा आला, लेकरांच्या रिमोटच्या गाड्या आल्या. एक गृहस्थ इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी लिफ्टमधून घेऊन आले, ती खाली ठेवताना त्यांच्या पाठीतून आवाज आला. मावशींचा नियम सगळ्यांना एकच: वस्तू लावली की बंद करायची. "खाऊ द्या तिला शांत." बंद केलेले मोबाइल भराभर भरायचे आणि निळ्या फेजची कीर्ती वाढायची.

पप्पांनी मावशींच्या दाराशी स्टूल टाकलं. एवढा लोड एका घरावर पडला तर निळा फेजसुद्धा थकेल, अशी त्यांना भीती होती. "एका वेळी थोडंच लावायचं. स्कूटरवाले, तुम्ही शेवटी. मोबाइलवाल्यांनी आत या." खाकी शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता. दिवसभर बोलून बोलून त्यांचा घसा बसायचा आणि रात्री ते गरम पाण्याच्या गुळण्या करायचे. जो माणूस वर्षभर मानेने उत्तरं देत होता, त्याचा घसा बसलेला ऐकून माझा नवरा एकदा स्वयंपाकघरात येऊन नुसताच उभा राहिला. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि बाहेर पाठवलं.

दसरा चार-पाच दिवसांवर आला होता. मावशींच्या मुलाने झेंडूची पोती आणून हॉलमध्ये ओतली. दरवर्षी मावशी एकट्या माळा ओवायच्या, जेवढ्या होतील तेवढ्या. यंदा चार्जिंगला आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी सुई-दोरा दिला. कुणाला रिकामं बसू देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. चेअरमनसाहेब भिंतीला टेकून ओवत होते, स्कूटरवाले देठ काढत होते, वहिनी मध्ये आंब्याचं पान कुठे घालायचं यावर सगळ्यांशी भांडत होत्या. माझा लॅपटॉप मिटून एका कोपऱ्यात पडलेला असायचा आणि माझ्या मांडीवर पिवळ्या पाकळ्यांचा ढीग. मीटिंगला मी आता फोनवरूनच हजर राहायचे. मागे इतके आवाज असायचे की मॅडमनी विचारलं, "लग्नघर आहे का?" मी म्हटलं, "नाही, चार्जिंग चालू आहे."

दरम्यान चेअरमनसाहेबांनी पप्पांना विचारलं होतं की फेजवर काही उपाय? पप्पांनी सहज सांगितलं की बिल्डिंगच्या अर्थिंगला पाणी द्यायला हवं. पार्किंगच्या मागे सिमेंटच्या झाकणाखाली एक खड्डा आहे, त्यात मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरलेली असते. जमीन कोरडी पडली की ते नीट काम करत नाही. एवढं साधं होतं ते. पण दुसऱ्या दिवसापासून लाल फेजवरच्या बायका सकाळी आंघोळ करून तांब्याभर पाणी घालायला लागल्या. तिसऱ्या दिवशी झाकणावर हळदकुंकू दिसलं. चौथ्या दिवशी उदबत्ती.

पप्पा संतापले. आयुष्यभर त्यांनी असल्या गोष्टींशी भांडण केलेलं. "अर्थिंग आहे ते! खाली पट्टी आहे, पट्टी!" ते पार्किंगमध्ये उभे राहून ओरडले.

वहिनी हात जोडून म्हणाल्या, "हो काका, पट्टीलाच वाहिलं."

पप्पांनी उदबत्ती विझवली. संध्याकाळी तिथे दोन होत्या.

शेवटी चेअरमनसाहेबांनी रीतसर तक्रार केली आणि वीज कार्यालयातून माणूस आला. तो एके काळी पप्पांच्या हाताखाली होता. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने वाकून पप्पांना जयभीम केला, पिशवीतून मोजायचा मीटर काढला आणि तिन्ही फेज मोजले. "साहेब, तिन्ही सारखे. एकदम ठीक."

सगळी बिल्डिंग गोळा झाली होती. मग मावशी, ज्या खास यासाठी लिफ्टने खाली आल्या होत्या, म्हणाल्या, "आकडा बरोबर आसंल, बाबा. पर दम नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या माणसाने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी नजर चुकवली. त्यांचा मीटरवर विश्वास होता, आणि स्वतःच्या डोळ्यांवरही होता. दोन्हींचं जमत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालेगावहून माझी नणंद आली. ती तिथे शाळेत शिकवते. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इकडे येते, वडिलांबरोबर विहारात जाते. आल्या आल्या तिने हॉलमध्ये आपला लॅपटॉप उघडला, पप्पांना शाळेच्या सहलीचे फोटो दाखवायला. पप्पा अर्धं लक्ष फोटोंकडे आणि अर्धं समोरच्या दाराकडे ठेवून बसले होते, कारण त्यांच्या गैरहजेरीत स्कूटरवाल्यांनी नंबर मोडला असता.

माझं एक काम राहिलं होतं, तातडीचं. समोर जायचा कंटाळा आला होता. मी नणंदेला म्हटलं, "ताई, तुमचं झालं असेल तर तुमची वायर द्या जरा. माझा चार्जर मावशींकडे राहिलाय."

"घे ना, वहिनी."

लावला आणि कामाला बसले. झाकण उघडं, घरातला फ्रीज चालू, पंखा चालू, नळाची मोटर चालू. बऱ्याच वेळाने सहज कोपऱ्याकडे नजर गेली आणि मी पुन्हा बघितलं. आकडा वर जात होता.

"पप्पा," मी म्हटलं, "चार्ज होतोय."

"कुठे?"

"इथे. आपल्या घरात."

"लाल फेजवर?" ते उठून आले. आधी बल्बकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, खांबाकडे, जणू बाहेर काही तरी घडलं असणार. नणंद गोंधळून विचारत होती, काय झालं, लाल काय, कोण थकलंय. मी समोर जाऊन माझा चार्जर आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही काळे, चौकोनी, टोकाला तीच चपटी पिन. पण एक जरा जाड आणि जड होता. पप्पांनी भिंग आणून त्यांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. वाचून झाल्यावर ते सोफ्यावर बसले.

"हा जड आहे तो तुझा," ते मला म्हणाले. "आणि तू इतके दिवस लावत होतीस तो हिचा. हिच्या लॅपटॉपचं पोट लहान, त्याला तेवढा पुरतो. तुझ्याला पुरत नाही. चालू असला की येतं त्यापेक्षा जास्त खातो."

नणंदेला आठवलं. गणपतीच्या सुट्टीत ती राहायला आली होती, तेव्हा दोन्ही लॅपटॉप याच बोर्डावर लागलेले असायचे. निघताना घाईत तिने हाताला लागला तो चार्जर पिशवीत टाकला. "मी फोनवर सांगितलं नव्हतं का, पप्पा? माझा लॅपटॉप हल्ली चटकन भरतो म्हणून?"

"तू कौतुकाने सांगितलंस," पप्पा म्हणाले. "मला वाटलं, पोरगी सुखात आहे."

"पण मग मावशींकडे कसा भरायचा?" मी विचारलं.

पप्पांनी हाताने झाकण मिटल्यासारखं केलं. मलाही कळलं. मिटलेला लॅपटॉप काही खर्च करत नव्हता, तेव्हा थोडं थोडं येऊनही साठत होतं. घरी मात्र तो मिटला की मी वायरही काढून ठेवायचे. निळ्या फेजचा काही संबंध नव्हता.

"सप्लायकडून निघालो होतो," पप्पा म्हणाले. "बरोबर निघालो होतो. एकेक बोर्ड बघत. चार्जर पुढचाच होता. मध्येच समोरच्या दारात वळलो." त्यांनी हातमोजे पिशवीत भरले आणि पिशवी माळ्यावर ठेवायला सांगितली. मला भीती वाटली की आता पुन्हा खिडकी सुरू होणार.

पण ते खरं बोलणारे गृहस्थ. लगेच समोर गेले आणि माळा ओवत बसलेल्या सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं. फेज थकलेला नाही, कधीच नव्हता, चार्जर बदलला गेला होता, लॅपटॉप मिटून ठेवल्यामुळे तो इथे भरत होता.

लोकांनी ऐकून घेतलं. मावशी दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "झाकणाचं काय नाय, भाऊ. माझ्या घरात बरकत हाय." चेअरमनसाहेब म्हणाले, "म्हणजे आता लाल फेज ठीक आहे?"

"पहिल्यापासून ठीक आहे."

"आता ठीक आहे," चेअरमनसाहेबांनी बाकीच्यांना समजावलं. वहिनी म्हणाल्या, काल त्यांचं पीठ भांड्याबाहेर आलं होतं. गीझरवाल्यांनीही दुजोरा दिला. पप्पा पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि लोक पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिले. माणसाने इतकं काम करून श्रेय घेऊ नये, हे त्यांना फार भावलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी आम्ही विहारातून परत आलो, तर पार्किंगमध्ये सतरंजी अंथरलेली. मीटरच्या पेटीला झेंडूचा हार, अर्थिंगच्या झाकणाला एक, आणि तिसरा चेअरमनसाहेबांच्या हातात. पांढऱ्या कपड्यांतले पप्पा मागे फिरायला लागले, पण नणंदेने त्यांचा दंड धरून ठेवला. ती हसू दाबत होती. शाल घालण्यात आली. चेअरमनसाहेबांनी भाषण केलं: ज्यांनी आपल्या अनुभवाने थकलेल्या फेजला पुन्हा उभं केलं, वगैरे. मग पप्पांना बोलायला सांगितलं.

"मी काही केलेलं नाही," पप्पा म्हणाले.

टाळ्या.

"फॉल्ट नव्हताच. ऐका जरा. फॉल्ट नव्हता, तर दुरुस्ती कुठून?"

आणखी टाळ्या. मावशी खुर्चीतून म्हणाल्या, "किती साधा माणूस." पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे, नवऱ्याने जमिनीकडे. मग पप्पा अंगावरच्या शालीकडे बघत म्हणाले, "अर्थिंगला पाणी घालत राहा. ते चांगलं असतं." एवढं एकच वाक्य त्या दिवशी सगळ्यांना पूर्ण पटलं.

त्यानंतरही लोक मावशींकडे येत राहिले. चार्जिंगचं निमित्त हळूहळू गेलं. वहिनी पापडाचं पीठ घेऊन येतात, चेअरमनसाहेब पेपर वाचून दाखवतात. मावशींच्या मुलाने शेवंतीची पोती आणायला सुरुवात केली आहे. मी जाते तेव्हा मावशी अजूनही आधी लॅपटॉप मिटायला लावतात, मी नुसतं बसायला गेले असले तरी.

दिवाळीच्या आधी मागच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आले. त्यांच्या तीन घरांत मिक्सर नीट फिरत नव्हता आणि एकाला रात्री वाईट स्वप्नं पडत होती. "काकांनी जरा फेज बघितला तर," ते म्हणाले.

पप्पा खिडकीत होते. मला वाटलं ते नाही म्हणतील.

"तिन्ही घरं एकाच फेजवर आहेत का?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं."

पप्पा उठले. पिशवी माळ्यावरून मीच काढून दिली. दारात त्यांनी चपला घातल्या आणि वळून मला म्हणाले, "लॅपटॉप घे बरोबर. जाड चार्जर घे. तिथे लावून दाखवू. चार्ज झाला की सांगायचं, तुमचा फेज चांगला आहे म्हणून. माझं नाही ऐकत लोक. त्याचं ऐकतात."

"आणि मिक्सर?"

"पातं बघू," ते म्हणाले. "या वेळी आधी मिक्सरपाशी जाऊ." आणि सेक्रेटरींच्या पुढे होऊन जिना उतरायला लागले.